विश्लेषण : शरीरात राहिलेल्या बंदुकीच्या गोळीमुळे शिशाची विषबाधा कशी होते? धोका कोणाला, तपासणी कधी?

गोळी लागलेल्या अनेक रुग्णांच्या शरीरातून ती काढली जात नाही आणि बहुतेकदा तो निर्णय योग्यही असतो. मात्र काही जणांच्या शरीरात ही गोळी हळूहळू विरघळते आणि तिच्यातील शिसे रक्तात उतरते. कधी काही महिन्यांत, तर कधी काही दशकांनी याची लक्षणे दिसू लागतात. हे नेमके कसे होते आणि निदान का चुकते, याचा आढावा.

अमेरिकेच्या २० डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये पदावर आले, तेव्हा त्यांच्या शरीरात दोन गोळ्या होत्या. पहिली १८०६ मधील एका द्वंद्वयुद्धात छातीत, हृदयाच्या जवळ शिरली होती. दुसरी १८१३ मध्ये नॅशव्हिल येथील हाणामारीत डाव्या हातात घुसली होती. हातातील गोळी १८३२ मध्ये व्हाइट हाऊसमध्येच, भूल देण्याचे तंत्र उपलब्ध नसताना काढण्यात आली. छातीतील गोळी मात्र १८४५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिली.

जॅक्सन यांना आयुष्यभर पोटदुखी, डोकेदुखी आणि अशक्तपणाचा त्रास होता. १९९९ मध्ये संशोधकांनी त्यांच्या जतन केलेल्या केसांची तपासणी करून निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १८१५ मधील केसांत दर दहा लाख भागांत सुमारे १३१ भाग शिसे आढळले. हातातील गोळी काढल्यानंतरच्या, म्हणजे १८३९ मधील केसांत हे प्रमाण सुमारे ४४ भागांवर आलेले होते. जॅक्सन यांचा मृत्यू शिशामुळे झाला नसावा, असे संशोधकांचे मत होते. शिवाय त्या काळी शिशाचे क्षार औषध म्हणूनही दिले जात आणि जॅक्सन ते घेत असत. त्यामुळे सगळा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. मात्र शरीरात राहिलेली गोळी निरुपद्रवी असते का, हा प्रश्न या आकड्यांमुळे नव्याने चर्चेत आला.

गोळी शरीरातच का ठेवली जाते?

शस्त्रक्रिया म्हणजे ट्रेमध्ये टणकन पडणारी गोळी, असे चित्र चित्रपटांनी रुजवले आहे. प्रत्यक्षात गोळी लागलेल्या रुग्णावर उपचार करताना रक्तस्राव थांबवणे, फाटलेले आतडे किंवा रक्तवाहिनी शिवणे आणि संसर्ग टाळणे याला प्राधान्य असते. गोळी स्नायूत खोलवर असेल, तर ती शोधताना निरोगी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या कापल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून ती तशीच सोडली जाते.

ही सावधगिरी कटू अनुभवांतून आली आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. गोळी शोधण्यासाठी डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि उपकरणे वारंवार जखमेत घातली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारे विद्युत यंत्र आणले. मात्र पलंगातील धातूच्या स्प्रिंगा आणि चुकीच्या बाजूने घेतलेला शोध यामुळे तेही अपयशी ठरले. १९ सप्टेंबर रोजी गारफिल्ड यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात गोळी ऊतींच्या आवरणात बंद झालेली आढळली. त्यांचा बळी गोळीपेक्षा संसर्गाने घेतला, असे आज मानले जाते.

१९१२ मध्ये मिलवॉकी येथे थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी शिरली, तेव्हा डॉक्टरांनी ती न काढण्याचा निर्णय घेतला. १९१९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती त्यांच्या शरीरात होती. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यातील एक पाठीच्या कण्यात तशीच राहिली. त्यानंतर १९७२ मध्ये त्यांनी पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. शरीरात गोळी असूनही दीर्घ आणि कर्तृत्ववान आयुष्य जगता येते, हे या उदाहरणांवरून दिसते.

मग प्रत्येक गोळी विषारी ठरते का?

नाही. बहुतेक गोळ्यांचा गाभा शिशाचा असतो, कारण शिसे जड, मऊ आणि स्वस्त आहे. अशी गोळी स्नायूत किंवा चरबीत अडकली की शरीर तिला परकी वस्तू समजून तिच्याभोवती तंतुमय ऊतींचे आवरण तयार करते. या आवरणात रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे आतील शिसे फारसे विरघळत नाही आणि विरघळले तरी रक्तात अगदी सावकाश पोहोचते. गारफिल्ड यांच्या शरीरात आढळले ते हेच आवरण. गोळी घेऊन जगणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना शिशाचा त्रास होत नाही, तो यामुळेच.

धोका कुठे वाढतो?

गोळी कुठे आहे आणि ती किती फुटली आहे, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

सर्वाधिक धोक्याची जागा म्हणजे सांधा. गुडघा, खुबा, खांदा अशा सांध्यांत सायनोव्हियल द्रव असतो. तो सांध्याला वंगण पुरवतो. पण हाच द्रव शिसे विरघळवण्याचे कामही चांगले करतो. त्यात प्रत्येक हालचालीबरोबर दोन हाडांमध्ये गोळी घासली जाते आणि तिचा बारीक चुरा होतो. हा चुरा सांध्याच्या अस्तरात रुतून बसतो आणि तिथून रक्तात जातो. काही रुग्णांच्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या आतील बाजूने शिशाची पांढरी कड स्पष्ट दिसते. अशा गोळीमुळे सांधाही झिजतो. पाठीच्या मणक्यांमधील चकतीत किंवा मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात अडकलेल्या गोळीबाबतही असाच धोका असतो. गोळीने हाड मोडले असेल, तर रक्तातील शिसे वाढण्याची शक्यता अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे.

दुसरा घटक म्हणजे तुकड्यांची संख्या. इथे साधे भूमितीचे गणित लागू होते. शिसे विरघळते ते पृष्ठभागावरून. एका गोलाकार गोळीचे त्याच वजनाचे ८ सारखे गोल केले, तर एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. १,००० गोल केले, तर तो दहापट होतो. शिसे तेवढेच, पण शरीरातील द्रवांना ते विरघळवायला मिळणारी जागा दहापट. म्हणून अखंड गोळीपेक्षा हाडावर आपटून फुटलेली गोळी किंवा शिकारी बंदुकीचे विखुरलेले छर्रे अधिक काळजीचे ठरतात.

लष्करी गोळ्यांवर सहसा तांब्याच्या मिश्रधातूचे पूर्ण कवच असते. अनेक प्रकारांत मात्र तळाशी शिसे उघडे असते आणि हाडावर आदळून कवच फाटूही शकते. टोकाशी कवच नसलेली गोळी शरीरात शिरताच पसरते. कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात ब्रिटिशांनी बनवलेल्या अशा गोळ्यांमुळे ‘डमडम बुलेट’ हे नाव जगभर रूढ झाले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी घातली. शिकारीसाठी आणि अनेक देशांत पोलिसांकडून पसरणाऱ्या गोळ्या आजही वापरल्या जातात.

शिसे शरीरात गेल्यावर काय होते?

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेते. हाडे बांधणे, मज्जातंतूंतून संदेश वाहणे अशी जी कामे कॅल्शियम करते, त्या जागांवर शिसे शिरकाव करते. रक्तात लाल रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकरांना ते निकामी करते, त्यामुळे हिमोग्लोबिन घटते. पोटात कळा येणे, बद्धकोष्ठता, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, विसरभोळेपणा, सांधेदुखी, हातापायांत मुंग्या आणि अशक्तपणा ही त्याची लक्षणे आहेत. दीर्घकाळ संपर्क राहिला, तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांचे नुकसान होते आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. प्रमाण फारच वाढले, तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो.

रक्तातील शिशाचे प्रमाण साधारण महिनाभरात निम्मे होते. मात्र ते सगळे शरीराबाहेर जात नाही. प्रौढांच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठलेले असते आणि तिथून ते कमी व्हायला १० ते ३० वर्षे लागू शकतात.

किती शिसे म्हणजे जास्त?

शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीही नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधावा, असे संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, त्याच वर्षी मुलांसाठीची संदर्भ पातळी ३.५ पर्यंत खाली आणली.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, हे समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. ५ मायक्रोग्रॅमची पातळी गाठण्यासाठी या सगळ्या रक्तात मिळून केवळ २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम शिसे पुरते. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीचे वजन साधारण ८ ग्रॅम, म्हणजे त्या पाव मिलिग्रॅमच्या ३२ हजार पट असते. अर्थात सगळे शिसे एकदम विरघळत नाही. पण शरीरातील साठा संपत नाही आणि गळती वर्षानुवर्षे सुरू राहू शकते.

आकडेवारी काय सांगते?

बंदुकांमुळे अमेरिकेत २०२१ मध्ये ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. गोळी लागून वाचणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असते. त्यामुळे या विषयावरील बहुतांश संशोधनही तिथलेच आहे. सीडीसीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००३ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या. या दहा वर्षांत रक्तातील शिसे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असलेल्या सुमारे १ लाख ४५ हजार प्रौढांची नोंद झाली होती. त्यापैकी केवळ ०.३ टक्के प्रकरणे शरीरात राहिलेल्या गोळीच्या तुकड्यांशी जोडलेली होती.

वरवर पाहता हे प्रमाण नगण्य वाटते. मात्र ज्यांच्या रक्तात ८० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते, अशा अतिगंभीर प्रकरणांत हा वाटा ४.९ टक्के, म्हणजे जवळपास २० पैकी एक इतका होता. गोळीशी संबंधित सर्वाधिक नोंद ३०६ मायक्रोग्रॅमची होती. थोडक्यात, असे रुग्ण कमी असतात, पण जे असतात त्यांचे प्रमाण भयंकर वाढलेले असू शकते.

या आकड्यांना एक मर्यादा आहे. प्रौढांच्या शिसे तपासण्या प्रामुख्याने बॅटरी, बांधकाम, धातुकाम अशा उद्योगांतील कामगारांच्या होतात. गोळी लागलेल्या व्यक्तीची तपासणी नियमाने होत नाही. जिची तपासणीच झाली नाही, ती व्यक्ती आकडेवारीत दिसणार नाही.

निदान का चुकते?

पोटदुखी, थकवा, बद्धकोष्ठता ही लक्षणे शेकडो आजारांची असू शकतात. रुग्ण पोटासाठी एका डॉक्टरकडे, सांध्यासाठी दुसऱ्याकडे आणि झोप लागत नाही म्हणून तिसऱ्याकडे जातो. गोळी लागली त्याला १५-२० वर्षे उलटलेली असतात. जखम कधीच भरलेली असते. पूर्वी गोळी लागली होती का, असे डॉक्टर विचारत नाहीत आणि पोटदुखीचा त्या घटनेशी काही संबंध असेल, असे रुग्णाच्या मनातही येत नाही. शिशामुळे होणाऱ्या पोटशुळाला अपेंडिक्सचा त्रास समजून शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

दुसरे कारण सामाजिक आहे. गोळी लागण्यामागे गुन्हा, पोलीस चकमक, दंगल किंवा बेकायदा शिकार असेल, तर रुग्ण स्वतःहून ती माहिती सांगत नाही. भीती, चिडचिड, निद्रानाश ही लक्षणे हल्ल्याच्या मानसिक आघातामुळेही होतात. त्यामुळे शिशाकडे लक्ष जाण्याऐवजी सगळा त्रास मनावर ढकलला जातो.

इतकी वर्षे शांत राहून त्रास अचानक का सुरू होतो?

हाडांत साठलेले शिसे कायम तिथेच राहत नाही. हाडांची झीज वाढली की ते पुन्हा रक्तात येते. गर्भारपण, स्तनपान, थायरॉइडची अतिसक्रियता, हाड मोडून दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे, वाढत्या वयातील हाडांचा ठिसूळपणा ही त्याची कारणे ठरतात. कधी गोळी जागा बदलून सांध्यात पोहोचते, तर कधी तिच्याभोवतीचे आवरण फाटते. गर्भवतींच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते.

उपचार काय?

निदान झाले, तर हा आजार बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येतो. मुख्य उपाय म्हणजे स्रोत काढून टाकणे, म्हणजेच शस्त्रक्रियेने गोळी किंवा तिचे तुकडे काढणे. सांध्यातील गोळी तर विषबाधेची वाट न पाहता काढावी, असेच अस्थिरोगतज्ज्ञ मानतात.

प्रमाण जास्त असेल, तर ‘चिलेशन’ उपचार दिला जातो. यातील औषधे शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर टाकतात. शस्त्रक्रियेत गोळीभोवतीची ऊती हलल्याने रक्तातील शिसे तात्पुरते वाढू शकते. म्हणून पातळी खूप वाढलेल्या रुग्णांना आधी ही औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केली जाते. मात्र गोळी आत ठेवून फक्त औषधे दिली, तर पातळी काही काळ उतरते आणि पुन्हा चढते. या औषधांचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. त्यामुळे शरीरातील विष काढून देण्याचा दावा करणारे उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे.

अनेक तुकडे विखुरलेले असतील, तर सगळे काढणे शक्य नसते. अशा वेळी सांध्यातील किंवा हाडालगतचे तुकडे काढून उर्वरित रुग्णावर नियमित रक्ततपासणीद्वारे लक्ष ठेवले जाते.

भारतात हा प्रश्न किती गंभीर?

भारतात अमेरिकेसारखी घरोघरी बंदूक नाही. तरीही सैन्य आणि निमलष्करी दलांतील जखमी जवान, नक्षलग्रस्त भागांतील पोलीस आणि गावकरी, गावठी कट्ट्याच्या गोळीबारातून वाचलेले लोक असा मोठा वर्ग आहे. कोकणात रानडुकराच्या शिकारीवेळी बंदुकीचे छर्रे लागून माणसे जखमी झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. काश्मीर खोऱ्यात २०१६ मध्ये पेलेट गनमुळे हजारो लोक जखमी झाले. तेव्हा चर्चा प्रामुख्याने डोळ्यांच्या इजांवर झाली. मात्र अनेकांच्या शरीरात छर्रे तसेच राहिले आहेत आणि लहान छर्रे म्हणजे जास्त पृष्ठभाग, हे गणित त्यांनाही लागू होते.

भारतात आणखी एक गुंतागुंत आहे. २०२० मध्ये युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला होता. जुन्या बॅटऱ्यांचे असुरक्षित भंगारकाम, भेसळयुक्त हळद, काही प्रकारची भांडी आणि रंग हे त्याचे स्रोत आहेत. आयुर्वेदातील नागभस्म हेही शिशापासूनच बनते. त्यामुळे गोळी लागलेल्या रुग्णाच्या रक्तात शिसे आढळले, तर ते गोळीचेच आहे असे लगेच म्हणता येत नाही. गोळी लागल्यानंतर लगेच केलेली एक तपासणी नोंदवलेली असेल, तर पुढची वाढ ओळखणे सोपे जाते.

शरीरात गोळी असलेल्यांनी काय करावे?

गोळी आहे म्हणून घाबरून ती काढण्याचा आग्रह धरण्याची गरज नाही. मात्र ती विसरणेही योग्य नाही. सीडीसीच्या अहवालातही अशा रुग्णांना शिशाच्या धोक्याची माहिती द्यावी आणि लक्षणांवर लक्ष ठेवावे, असे सुचवण्यात आले आहे.

- रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. जखम ताजी असल्यास पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा करावी आणि पुढे किती अंतराने करायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे मोजले जात नाही, त्यासाठी वेगळी चाचणी सांगावी लागते.

- गोळी सांध्यात, मणक्यात किंवा मोडलेल्या हाडाजवळ असेल, किंवा तुकडे अनेक असतील, तर तपासणी टाळू नये. गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्या महिलांनी आधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी.

- डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे जपून ठेवावेत. कोणत्याही आजारासाठी नव्या डॉक्टरकडे जाताना शरीरात गोळी असल्याचे आवर्जून सांगावे. एमआरआयपूर्वी तर हे सांगणे अत्यावश्यक आहे. शिसे आणि तांबे चुंबकाकडे ओढले जात नाहीत, पण काही गोळ्यांत पोलाद असते आणि ते जागेवरून सरकू शकते.

- कारण न सापडणारी पोटदुखी, हिमोग्लोबिन कमी होणे, सततचा थकवा किंवा विसरभोळेपणा जाणवल्यास शिशाची शक्यता तपासावी.

रुग्णालयांच्या पातळीवरचा उपाय त्याहून सोपा आहे. गोळी आत ठेवून रुग्णाला घरी सोडताना ती कुठे आहे, किती तुकडे आहेत आणि शिशाची तपासणी कधी करायची, एवढे डिस्चार्ज कार्डवर लिहिले, तर २० वर्षांनी पोटदुखी घेऊन येणाऱ्या त्या रुग्णाचे निदान पहिल्याच भेटीत होऊ शकते.